वापसीची तूर

"मॅडम, मग तिथं अपील केलं तर ऐकतं कोण?"

हा प्रश्न मला दरवर्षी येतो. नांदेडच्या एका लॉ कॉलेजात मी आंतरराष्ट्रीय व्यापाराचा कायदा शिकवते. देशादेशांत व्यापारावरून भांडण झालं की ते जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेकडं जातं. आधी तीन माणसांचं मंडळ निकाल देतं, तो पटला नाही तर वर अपील करता येतं. वरच्या मंडळावर सात जागा आहेत आणि गेली काही वर्षं त्या सातही रिकाम्या आहेत. नवा माणूस नेमायचा तर सगळ्या देशांचा होकार लागतो, एकानं जरी हरकत घेतली तरी नाव पडतं. त्यामुळं खाली हरलेला देश वर अपील करतो आणि निवांत बसतो. खालचा निकाल लागू होत नाही, वरचा कधी येत नाही.

"कोणीच ऐकत नाही," मी सांगते.

"मग अपील करायचं कशाला?"

"कोणी ऐकणार नाही म्हणूनच."

इथं वर्ग हसतो. मग मी त्यांना सांगते की साखरेच्या भांडणात आपल्याविरुद्ध निकाल लागला तेव्हा आपल्या देशानंही हेच केलं. माझ्या वर्गात नायगाव, लोहा भागातली ऊसवाल्या घरांतली मुलं असतात. "बरं केलं, मॅडम," ती म्हणतात. मी चिडते. बरं केलं की वाईट ते नंतर बघू, आधी हे बघा की भांडण मिटवायची जागाच बंद पडली आहे, असं काहीतरी फळ्यापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत बोलत राहते. मला एका जागी उभं राहवत नाही. बसले तर पाय हलत राहतो. वडील लहानपणापासून म्हणत आले, पाय हलवू नको, घरातली लक्ष्मी जाते. लक्ष्मीचं ठाऊक नाही, माझी झोप मात्र या स्वभावानं गेलीच आहे.

त्या वर्षी हा धडा संपवून मी खोलीत आले आणि लातूरहून आईचा फोन आला.

"येऊन जा बाई जरा. तुझे वडील आन् तुझा भाऊ एका पंगतीला बसंनात. मी दोनदा ताटं वाढून राहिले."

"झालं काय पण?"

"तुरीवरनं," आई म्हणाली. "तू आल्याबिगर कळायचं न्हाई तुला."

शनिवारी मी लातूरची एसटी धरली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर आलं, आणि सगळ्या रस्त्याभर मी मनातल्या मनात भावाशी भांडत होते. का ते अजून माहीत नव्हतं. पण भावाशी भांडायला मला कारण लागतं असं कुणी म्हणणार नाही.

आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, जन्मभर लातूरच्या बाजारात आडत चालवत होते. शेतकऱ्याचा माल दुकानात उतरवून घ्यायचा आणि व्यापाऱ्याला विकून द्यायचा, हे त्यांचं काम. आता दुकान नाही. भावानं डाळ मिल टाकली आहे आणि तो अण्णांच्याच घरी वरच्या मजल्यावर राहतो. पण अण्णांचा एक मान अजून शिल्लक होता. बाजारातल्या पंचांच्या वरच्या बैठकीवर ते होते.

ही बैठक काय ते सांगायला हवं. बाहेरगावच्या व्यापाराला आमच्याकडं सौदा होतो पोटलीवर. मालातून मूठमूठ दाणे काढून दोन फडक्यांत बांधायचे, एक पोटली घेणाऱ्याकडं, एक देणाऱ्याकडं. पोती आली की पोटली उघडून ताडून बघायचं. जुळलं नाही तर भांडण, आणि भांडण झालं तर बाजारातल्या मारुतीच्या मागं हॉल आहे, तिथं जायचं. कोर्टात कुणी जात नाही. कोर्टात तूर किडून जाते. हॉलमध्ये तीन पंच दोन्ही पोटल्या एका कापडावर उघडतात, दाणे दाताखाली धरून बघतात आणि निकाल सांगतात. तो पटला नाही तर वरची बैठक मागायची. वरच्या बैठकीचे तिघं म्हातारे गादीवर बसतात आणि खालचा निकाल देणारे पंच त्यांच्यासमोर सतरंजीवर. त्यांनी त्या दिवशी एक शब्द बोलायचा नाही. आपला निकाल दुसरं कुणीतरी तपासतंय हे खाली बसून ऐकायचं. बाकी कुणाला काही बोलायचं असलं तर उठून उभं राहून बोलायचं. लहानपणी अण्णांना डबा द्यायला गेले की मी हॉलच्या पायऱ्यांवरून हे बघायची. करोडोंचा व्यवहार करणारी माणसं मांडी घालून गप्प बसलेली बघून मला फार मजा वाटायची. पुढं मी कायदा शिकले त्याचं मूळ त्या पायऱ्यांवर असावं. पायऱ्यांच्या आत बायका जात नसत, अजूनही जात नाहीत, त्यामुळं तिथलं माझं शिक्षण पायरीपर्यंतच झालं.

गादीवरच्या तिघांतले एक वारले. दुसरे मुलाकडं पुण्याला गेले आणि तिकडंच रमले. नवीन नाव घालायचं तर रीत अशी, की भर सभेत नाव तीनदा पुकारायचं. तिन्ही वेळा कुणी बोललं नाही तर नाव पक्कं. कुणीही हरकत घेतली तर नाव पडलं, कारण विचारायचं नाही. मग काय, याला त्याचा माणूस नको आणि त्याला याचा. नावं पडत गेली. गादीवर एकटे अण्णा उरले, आणि एकट्यानं वरची बैठक होत नाही.

घरी पोचले तर अण्णा ओट्यावर पेपर वाचत होते. मिल मागच्या रस्त्याला होती. पाणी पिऊन मी आधी तिकडं गेले.

भाऊ भुशाच्या धुराळ्यात उभा होता. यंत्राच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागत होतं, आणि आम्हा दोघांना ते सोयीचंच होतं.

"धर्माबादच्या सावकाराकडनं तूर घेतली," तो म्हणाला. सावकार म्हणजे तिकडचा धान्याचा व्यापारी. "एक टेंपो. पोटली झाली, भाव ठरला. आन् माल निघायच्या दिवशी बातमी आली, बाहेरदेशच्या तुरीला दार अजून उघडंच ऱ्हाणार. भाव धाडकन पडला. जहाज बंदराला लागायच्या आधी भाव इथं पडला, अक्का!"

"मग तू काय केलंस?"

"माल वापस केला. ओला हाय म्हणालो."

"होता का ओला?"

तो यंत्राकडं बघत राहिला. "थोडा नरम वाटला."

"पंच काय म्हणाले?"

"पंच म्हणाले पोटलीवानीच हाय, लातूरला उतरवून घ्या." त्यानं हात झटकले. "मी वरची बैठक मागितली."

"वर आता बैठकच होत नाही."

"म्हणूनच मागितली," भाऊ म्हणाला आणि हसला. "दिवाळीला तूच सांगत होतीस न्हाई का? मोठाले देश हेच करतात म्हणून. त्यांना चालतंय आन् मला न्हाई व्हय?"

मला भयंकर राग आला. वर्गात ज्या गोष्टीवर मुलांना हसवते ती गोष्ट घेऊन हा एका माणसाला बुडवत होता, आणि वर मलाच साक्षीला काढत होता. आपली बाजू असली की रिकामी खुर्ची सगळ्यांनाच न्यायाची वाटते, नायगावच्या पोरांना काय आणि माझ्या भावाला काय.

त्या रात्री जेवताना आईनं दोघांना एकत्र बसवलं. मग अण्णांनी मला विचारलं.

"तुमच्या तिकडं असं झाल्यावर काय करतात?"

"काही देशांनी आपापसात ठरवलंय," मी सांगितलं. "आपल्यात भांडण झालं तर जुन्या जाणत्या माणसांतून पंच निवडायचे आणि त्यांचा निकाल मानायचा. बाकीचे येवोत न येवोत."

"म्हंजी दोघांनी कबूल केलं की झालं."

"हो."

अण्णा भावाकडं वळले. "मग धर्माबादच्या सावकाराला मी विचारतो. तो म्हणंल तसं बसू."

"त्याला बराच पुळका हाय तुमचा," भाऊ म्हणाला. "मागं त्यांच्याकडच्या माणसाचं नाव गादीसाठी निघालं होतं, तवा ते कुणी पाडलं, ते बी विचारा त्याला."

अण्णा ताटात पाणी सोडून उठले. आई भावाला म्हणाली, "जेवू दिलं असतंस तर तुझं काय जात होतं?"

दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्याबरोबर नांदेडला आले आणि तिथून आम्ही रेल्वेनं धर्माबादला गेलो. गाडीत मी दारापाशी जाऊन उभी राहायची, परत येऊन बसायची, पुन्हा उठायची. अण्णा समोरच्या बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेले. उमरी गेल्यावर ते म्हणाले, "पाय हलवू नको." मी म्हटलं, "अण्णा, गाडीच हलतेय." तेवढंच काय ते आम्ही हसलो.

सावकाराचं दुकान मिरचीच्या बाजारात. आत पाऊल टाकलं की शिंका सुरू. साठीचा, ठेंगणा, पांढरी पँट घातलेला, तेलुगू वळणाचं मराठी बोलणारा माणूस. तो अण्णांना बघून गल्ल्यावरून उठला आणि खाली वाकला.

"अण्णागारू, तुमी? सांगून यायचं की."

मी शिंकत होते म्हणून त्यानं आम्हाला मागच्या गोदामात नेलं. तिथं एका भिंतीला आमची तूर उभी होती. बाकी सगळ्या थप्प्यांजवळ माणसांची ये-जा होती, त्या थप्पीजवळ नव्हती. पोत्यांवर लातूरचा खडूचा आकडा तसाच होता.

"ही कुणी घेईना?" अण्णांनी विचारलं.

"निजामाबादचा पार्टी आला होता. खडू बघितला. वापसीचा माल हाय काय म्हणाला. मी म्हणालो, हाय, पण माल चांगला हाय. तो म्हणाला, चांगला हाय तर वापस का आला?" सावकारानं दोन्ही हात पसरले. "आता ह्याला मी काय सांगू? तूर जाऊ द्या. तूर मी खाऊन टाकतो घरच्यांसंगं. पण आता दुसरा माल दाखवला तरी लोक आधी विचारतात, हा पण वापसीचा हाय काय? वडलांपासनं दुकान हाय, असं कुणी विचारलं नव्हतं."

मी त्या पोत्यांकडं बघत उभी होते. माझ्या अभ्यासक्रमात या प्रकरणाला नुकसान असा शब्द आहे आणि त्याखाली भरपाई असा दुसरा. दोन्ही शब्द त्या थप्पीला लागू पडत नव्हते.

अण्णांनी त्यांचं म्हणणं मांडलं. वरच्या बैठकीवर मी एकटा आहे. पोरगा माझा आहे, त्यामुळं रीतीनं मला बसता येत नाही. पण तुम्ही लेखी कबूल केलंत तर मी एकटा बसतो आणि निकाल देतो, पोरगा मानंल, मी त्याला मानायला लावीन.

सावकारानं चहा मागवला.

"तुमी पोराच्या विरोधात निकाल द्याल," तो म्हणाला. "मालूम हाय मला. पण मग लोक काय म्हणतील? म्हाताऱ्यानं मोठं मन केलं. धर्माबादवाल्यावर दया केली. मला दया नक्को अण्णागारू. माझा माल खरा होता, एवढंच पाहिजे. तुमचा न्याय चांगला असंल, पण तो तुमच्या घरचा हाय. आमी लातूरला माल घालतो, तुमच्या हॉलमधे सतरंजीवर बसतो, गादीवर आमचा माणूस कधी बसला काय?"

"न्हाई."

"नाव निघालं होतं एकदा."

"हाव," अण्णा म्हणाले. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "हरकत मी घेतली होती. बाहेरगावच्या माणसाला आपल्या बाजारातलं काय कळतंय, असं वाटलं होतं तवा."

मी अण्णांकडं बघितलं. भावाच्या टोमण्याचा अर्थ मला तेव्हा लागला. लहानपणापासून ज्या गादीकडं मी मान वर करून बघत आले, तिच्यावर बसून अण्णांनी हे केलं होतं, आणि मला ते कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

"मालूम हाय," सावकार म्हणाला. "चहा घ्या, गार होतोय."

परतीच्या गाडीत अण्णा एवढंच म्हणाले, "त्याचं बरोबर हाय." मी घरी जाऊन दोन दिवस नुसती फिरत होते. स्वयंपाकघरातून गच्चीत, गच्चीतून खोलीत. नवरा म्हणाला, "तुझं जिनिव्हा आता घरातच आलंय की काय?" मी त्याच्यावर उगाच ओरडले.

पुढच्या अमावास्येला, बाजार बंद असतो त्या दिवशी, अण्णांनी सभा बोलावली. मी रजा टाकून गेले आणि लहानपणीसारखी पायऱ्यांवर उभी राहिले. आत सतरंजी भरलेली. सावकारही आला होता, खांबाला टेकून बसला होता. भाऊ मधोमध, मोबाइल चाळत.

अण्णा गादीवर एकटेच होते. ते उभे राहिले आणि म्हणाले, वरच्या बैठकीसाठी मी एक नाव ठेवतो. धर्माबादचे एक जुने धान्यवाले, या सावकाराचे ना नात्याचे ना भागीदार, सगळ्यांनी त्यांच्याशी व्यवहार केलेला. मागं मीच त्यांच्या नावाला आडवा आलो होतो. ती चूक होती. आज नाव मीच पुकारतो.

सभेत कुजबुज झाली आणि थांबली. अण्णांनी नाव पुकारलं. कुणी बोललं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. मागं कुणीतरी खोकलं, सगळ्यांनी वळून बघितलं, तो माणूस हात हलवून म्हणाला, नुसता खोकला आहे. लोक हसले. मला वाटलं, झालं. एक माणूस वर गेला की दुसऱ्याचंही जमेल. मी पायरीवर उभ्या उभ्या तिसऱ्या जागेसाठी नावं शोधायला लागले होते.

अण्णांनी तिसऱ्यांदा पुकारलं.

"हरकत," भाऊ म्हणाला.

बसल्या जागेवरूनच म्हणाला, रीतीप्रमाणं उठलाही नाही. मोबाइल अजून हातात होता. ज्याचं भांडण आहे त्यानं हरकत घेऊ नये असा नियम आमच्याकडं नव्हता. कुणी असं करील हेच आजवर कुणाला सुचलं नव्हतं. मला आत जाऊन त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. ती पायरी आड आली म्हणून तो वाचला.

सगळे अण्णांकडं बघत होते. अण्णांनी उपरणं उचललं, गादीवरून उतरले आणि सतरंजीवर खालच्या पंचांच्या रांगेत जाऊन बसले. गुडघे दुखतात त्यांचे, बसायला वेळ लागला, कुणीतरी हात दिला.

"आता वर कुणीच न्हाई," ते म्हणाले. "मग खालचा निकाल हाय तोच निकाल. आजपासनं."

"असं कसं?" भाऊ म्हणाला. "अपील हाय माझं!"

गलका झाला. निम्मे म्हणाले अण्णांचं बरोबर आहे, निम्मे म्हणाले उद्या आपल्यावर आलं तर काय. खालचे पंच सवयीनं गप्पच बसले. काही न ठरता सभा मोडली. सावकार निघताना अण्णांच्या पाया पडला आणि बस धरायला गेला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच मला फार लागलं. तो हे गृहीत धरूनच आला होता.

आठवड्यानं आईचा फोन. "घर हाय का गोदाम, सांग मला तूच!"

मी गेले तेव्हा पोती उतरवून झाली होती. अण्णांनी स्वतःच्या ठेवीतून ती तूर घेतली होती, पोटलीवर ठरला होता त्याच भावानं. बैठकीच्या खोलीत थप्पी, ओट्यावर थप्पी, देवघराच्या दाराशी चार पोती. आई पोत्यांवरून वाकून देवाला दिवा लावत होती आणि तोंडानं अण्णांचा उद्धार चालू होता.

"अण्णा, हे काय?" मी म्हटलं.

"निकालात काय म्हटलंय? लातूरला उतरवून घ्या. मिलमधीच असं म्हटलेलं न्हाई," अण्णा म्हणाले. "निकाल लागलाय तर कुणीतरी मानला पाहिजे का न्हाई? न्हाईतर तो लागला कशाला?"

मला त्यांच्याशी वाद घालायचा होता. ही भरपाई झाली, न्याय नव्हे, दोषी माणूस सुटला आणि दंड भलत्यानंच भरला, अशी दहा वाक्यं माझ्याकडं तयार होती. पण मला बोलताना चालायला लागतं आणि चालायला खोलीत जागाच उरली नव्हती. मी एका पोत्यावर बसले.

भावाला वर जायचा जिना त्याच खोलीतून आहे. सकाळी मिलला जाताना तो पोत्यांमधून अंग चोरून जायचा, संध्याकाळी तसाच परत. पोत्यांवरचा खडू अण्णांनी पुसू दिला नव्हता. भाऊ तिकडं बघायचा नाही. अण्णा पेपर वाचत बसायचे. घरात येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, ही तूर कशाची? आई सगळ्यांना सांगायची, "वापसीची हाय." मोठ्यानं सांगायची, जिन्यावर ऐकू जाईल असं.

मी परत निघायच्या दिवशी सकाळी बॅग भरून त्याच पोत्यावर बसले होते. भाऊ वरून उतरला. दारापर्यंत गेला, चपलेत पाय घातला, आणि थांबला. चप्पल काढून परत आला. पोत्यात खुपसून दाणे काढायची लोखंडी नळी असते, ती डाळवाल्यांच्या गाडीत, पिशवीत कायम असते. त्यानं ती आपल्या पिशवीतून काढली आणि मधल्या पोत्यात घातली. चार दाणे तळहातावर घेतले, नखानं उलटे केले. एक दाताखाली धरला.

ओला दाणा दबतो. सुका तुटतो. तो कट्‌दिशी तुटला, मला माझ्या जागेवर ऐकू आला. आई देवघरातून बाहेर येऊन उभी राहिली.

भावानं दुसऱ्या पोत्यातला दाणा घेतला, मग तिसऱ्या. मग उरलेले दाणे मुठीत धरून अण्णांच्या खुर्चीसमोर आला.

"पोटलीवानीच हाय," तो म्हणाला.

अण्णांनी पेपर खाली केला नाही. "मला काय सांगतोस? धर्माबादला सांग."

भाऊ जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. मग त्यानं नंबर लावला. पलीकडची रिंग आम्हा सगळ्यांना ऐकू येत होती. माझा पाय हलत होता, अण्णांना तो दिसत होता, पण ते काही बोलले नाहीत.

रिंग थांबली. "बोला," असा सावकाराचा आवाज आला, आणि माझा भाऊ पायरीवरून उठून उभा राहिला.